तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे वड का नाही?

पुण्याहून येणारा पाहुणा स्टेशनवरून आमच्या घरी पोचेपर्यंत एकदा तरी विचारतोच, "अहो, बडोदं म्हणजे वडांचं गाव ना? मग तुमच्या भागात वड कुठेत?" जुन्या शहरातल्या दांडिया बाजारातला वाडा सोडून आम्ही शहराच्या कडेला, भायलीकडे राहायला आलो, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या पाठी लागलाय.

पाहुण्याला मी आधी कमाटीबागेत नेते. बाग १८७९ ची. सयाजीराव महाराज तेव्हा अल्पवयीन होते, कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत. विश्वामित्रीच्या काठी शंभरावर एकर जागा बागेला मिळाली, आणि अलकापुरीसारख्या वसाहती नंतर उभ्या राहिल्या. बाग आधी, वस्ती मागून.

आमच्या भायलीत उलटं झालं. इथे शेतं होती. तिथे टी.पी. (टाउन प्लॅनिंग) स्कीम आली. म्हणजे सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, थोडा भाग कापून घ्यायचा आणि उरलेला नव्याने आखलेला तुकडा, एफ.पी. म्हणजे फायनल प्लॉट, ज्याचा त्याला परत द्यायचा. गुजरातच्या १९७६ च्या कायद्यात स्कीममधली १५ टक्के जमीन रस्त्यांना धरलीय, ५ टक्के बागा, मैदानं, मोकळ्या जागांना. पद्धत वाईट नाही हो. शेतकऱ्याची सगळी जमीन काढून घेण्यापेक्षा शंभर पटींनी बरी.

पण वड उभा असतो कुठे? शेताच्या मधोमध कोणी ठेवत नाही, पिकावर सावली पडते. तो असतो बांधावर. कडुनिंब बांधावर, बोरी बांधावर, थोराचं कुंपणही तिथलंच. आणि टी.पी. पहिल्यांदा पुसते ते बांधच! वेड्यावाकड्या शेतांचे चौकोनी प्लॉट झाले की जुनं झाड कुणाच्या पार्किंगमध्ये येतं, नाहीतर रस्त्याच्या मध्यावर. पाच टक्क्यांचा हिशेब जमिनीचा आहे, झाडांचा नाही. त्यामुळे आमच्या बागेत हिरवळ आहे, चालायला ट्रॅक आहे, पाम आहेत. दुपारी बाराला तिथे बसून दाखवा.

एक वड मात्र वाचलाय. त्याच्या बुंध्याशी देरी, म्हणजे छोटंसं देऊळ आहे, म्हणून रस्त्यानेच वळसा घेतला. वटपौर्णिमेला आसपासच्या मराठी-गुजराती बायका तिथे सकाळी सहापासून रांग लावतात. उशीर झालेल्या घरीच, कुंडीत खोचलेल्या फांदीला दोरा गुंडाळतात. गेल्या वर्षी मीही त्यातच होते.