शिसपेन्सिलीची अक्षरं

सदाशिव पेठेतला तो वाडा आठ दिवसांत पाडणार होते. माळ्यावरची पुस्तकं बघायला काकूंनी मला बोलावलं. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात मला पंचवीस वर्षं झाली, तरी समाजसुधारकांच्या आठवणींची पहिली आवृत्ती हाती आली की आठवडाभर ती माझ्याकडून विकवत नाही. धोंडो केशव कर्व्यांचं १९१५चं ‘आत्मवृत्त’ दोनदा आलं, दोनदा असंच रेंगाळलं.

ट्रंकेत पंचांगं, पोथ्या, क्रमिक पुस्तकं. तळाशी रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’. साल १९१०. गोपाळ कृष्ण गोखल्यांची प्रस्तावना शाबूत. कडा कसरीनं खाल्लेल्या, शिवण सैल, पण पान एकही कमी नाही.

शेवटचं कोरं पान उलटलं, तर ते कोरं नव्हतं. शिसपेन्सिलीनं पुस्तकाचं नाव एकाखाली एक गिरवलेलं. वरच्या ओळींत ‘आ’चा काना निसटलेला, ‘ष्य’ साधलाच नव्हता. खाली येता येता अक्षर सरळ झालेलं, ‘कांहीं’चे दोन्ही अनुस्वार जागच्या जागी.

“आमच्या सासूबाईंच्या सासूबाईंचं असणार,” काकू म्हणाल्या. “शाळेत कधी गेल्या नाहीत, पण पोथी वाचायच्या. कुणी शिकवलं, कुणालाच ठाऊक नाही.”

१८७३ साली लग्न झाल्यावर माधवरावांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंना अक्षरं शिकवायला घेतली. घरातल्या बायकांनी त्यापायी त्यांना किती छळलं, ते याच पुस्तकात आहे. आणि याच पुस्तकाच्या पाठी कुणीतरी अक्षरं गिरवत होतं. मला पान मिटवेना.

“खोडून टाकू का? किंमत वाढेल ना?”

कोरी प्रत महाग जाते, हे खरं. पहिली तीन-चार वर्षं मी स्वतः रबर घेऊन बसत असे. किती जणींचं काय काय पुसलं, आता सांगताही येणार नाही. त्याचं फार वाईट वाटतं.

“हात लावू नका,” मी म्हणालो. पुस्तकाचा आकडा सांगितला. या एका पानाचा मला सांगता येत नाही, हेही सांगितलं.

काकूंनी चौथीतल्या नातीला हाक मारली. ती ओळीवर बोट ठेवून वाचायला लागली आणि ‘कांहीं’पाशी थांबली. “यावर टिंब कशाला?” १९६२च्या नव्या नियमांनी ते गेलं, तोवर असंच लिहीत, हे मी तिला सांगितलं. तिनं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

मी पंचांगं आणि पोथ्या घेऊन निघालो.