मामाची मांडी

जावळ काढायचं तर बाळाला मामाच्या मांडीवर बसवतात. त्या मामाच्या डोक्यावर केस असावेत अशी अट मात्र कुठेच नाही, म्हणून माझी वर्णी लागली.

खरं तर हे पहिल्या वर्षीच व्हायचं. पण तेव्हा मी कामासाठी बाहेरगावी होतो, आणि जावळाला विषम वर्ष लागतं, म्हणजे दुसरं आपोआप बाद. केस काही वर्ष बघून वाढत नाहीत. महिन्याला साधारण सेंटिमीटरभर, या हिशोबाने तिसरं लागेपर्यंत भाचेबुवांच्या मानेवर कुरळ्यांचा झुपका लोंबायला लागला. सारसबागेत नेलं की एखाद्या आजी विचारणारच, "नाव काय गं तुझं?" तो नाव ठणकावून सांगायचा आणि आजी माझ्या बहिणीकडे रोखून बघायच्या.

आईचं म्हणणं, गोटाच करायचा. वस्तरा फिरला की केस दाट येतात. बहीण म्हणाली, "अगं, केसाचं मूळ कातडीच्या आत. वस्तरा वरून फिरतो. कापलेलं टोक बोथट होतं म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच." आई ऐकेना. तेव्हा बहिणीने पुरावाच काढला. "दादाचा केला होतास ना गोटा?"

दोघींनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. विषय तिथेच मिटला. गोटा नाही, कात्रीने बारीक करायचे असं ठरलं.

मला सुट्टी सोमवारची, आणि सोमवारी सलून बंद. म्हणून रविवारी, गर्दीत. नारायण पेठेतल्या आमच्या नेहमीच्या सलूनमध्ये (माझ्या बाबतीत 'नेहमीच्या' हा शब्द जरा जास्तच आहे) तिघे पेपर वाचत बसले होते. काकांनी सवयीने लहान मुलांची लाकडी फळी खुर्चीच्या हातांवर टाकली, मग मला पाहून काढून घेतली. "मामा आलेत होय? मग बसा."

दोघांना मिळून एकच कापड. आरशात माझ्या हनुवटीखाली आणखी एक डोकं उगवलेलं. पाण्याचा फवारा उडाला तेव्हा तो खिदळला, पुन्हा मार म्हणाला. मग कानापाशी कात्री कचकचली आणि कापडाखाली त्याने माझा अंगठा धरला. "मामा, घली जाऊ." पहिली बट पडली. दुसरीला भोकाड.

पेपरवाले तिघेही एव्हाना उभे होते. एकाने किल्ल्या वाजवल्या, एकाने मांजराचा आवाज काढला, तिसरे नुसतेच "रडायचं नाही, शहाणा ना तू" असं दरडावत राहिले, त्याने तो आणखी रडला. त्याची पाठ माझ्या छातीला घट्ट चिकटलेली. धडधड शर्टातून मला लागत होती. कुणाची हे नक्की सांगता यायचं नाही.

मानेवरच्या बारीक केसांसाठी काकांनी मशीन काढलं. ते त्याच्याकडे न नेता आधी माझ्या टकलावरून फिरवलं, कपाळापासून थेट मागेपर्यंत. कापायला तिथे काहीच नव्हतं, पण गुरगुर झकास झाली. भाचेबुवा रडायचे थांबले. आरशात बघून म्हणाले, "मामाचे छगळे कापले!"

पुढचं काम पाच मिनिटांत उरकलं. पैसे देताना मी विचारलं, "माझे किती?" काका म्हणाले, "मोकळ्या मैदानावर मशीन फिरवायचे काय घ्यायचे?"

केस रुमालात बांधून नदीत सोडायची आईची आज्ञा होती. भिडे पुलावर गेलो. मे महिना, मुठेत पाण्याची कशीबशी धार आणि बाकी जलपर्णी. त्यात ती एवढीशी कुरळी पुरचुंडी टाकवेना. घरी येऊन गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत, बोटभर खोल, पुरून टाकली.

"सोडलेस ना नदीत?" आईने विचारलं.

"हो."

परवा आमटी वाढताना ती म्हणाली, यंदा कढीपत्ता काय दाट आलाय बघ.