सिक्वेन्समधला तारा

फाज डिस्प्लेच्या, म्हणजे जिवाणूंच्या विषाणूंवर (फाजवर) प्रथिनं मांडून चिकटणारी निवडण्याच्या, तिसऱ्या फेरीनंतर हाती आलेला तो एससीएफव्ही (प्रतिपिंडाचा छोटा, एकसाखळी तुकडा) क्लोन एलायझात, म्हणजे अँटिजेनला चिकटण्याच्या चाचणीत, सगळ्यांत सरस होता. त्याचं जनुक पीईटी प्लाझ्मिडमध्ये घालून मी बीएल२१ (डीई३) या प्रथिन बनवून घ्यायच्या ई. कोलाय स्ट्रेनमध्ये नेलं आणि पुढचे सहा आठवडे प्रथिन मिळालंच नाही.

जेलवर प्रथिनाचा बँड २७ किलोडाल्टनच्या आसपास यायला हवा होता. प्रथिन बनवायला चालना देणारं आयपीटीजी कमी केलं, तापमान ३७ अंशांवरून १८ वर आणलं, रात्रभर वाढवून पाहिलं. प्रथिनाच्या शेवटाला जोडलेला हिस टॅग (हिस्टिडिनांची शेपटी) पकडणाऱ्या निकेल कॉलममधून काही उतरेना, तोच टॅग शोधणारा अँटी-हिस वेस्टर्न कोरा. मात्र पेशी फोडल्यावर उरलेल्या गाळाच्या लेनमध्ये तळाशी, ११ किलोडाल्टनजवळ, दर वेळी एक जाड पट्टा यायचा. प्रोटिएजने तोडलेला तुकडा असेल, असं धरून चालले होते. पण तसं असतं तर हिस टॅगचा दुसरा तुकडा कधीतरी वेस्टर्नवर दिसायला हवा होता. तो एकदाही दिसला नाही, तेव्हा सिक्वेन्स पुन्हा उघडला.

प्रतिपिंडाच्या जड साखळीच्या सीडीआर३ या अँटिजेनला चिकटणाऱ्या भागात एक तारा होता. टीएजी, म्हणजे अंबर स्टॉप कोडॉन: प्रथिनाची साखळी इथे थांबव, ही खूण. तो मी आधीही पाहिला होता. पण क्लोन अँटिजेनला चिकटतोय म्हणजे प्रथिन पूर्ण बनतंय, मग ही वाचनातली चूक असणार, असं ठरवून पुढे गेले होते.

चूक नव्हतीच. क्लोन ज्या लायब्ररीतून निवडला ती एनएनके पद्धतीची होती: कोडॉनची पहिली दोन अक्षरं कोणतीही, तिसरं जी किंवा टी. तिच्या ३२ कोडॉनमध्ये विसाही अमिनो आम्लं बसतात आणि स्टॉप एकच उरतो, टीएजी. फाज वाढवले होते टीजी१ या दुसऱ्या ई. कोलाय स्ट्रेनमध्ये. या स्ट्रेनच्या जीनोटाइपमध्ये सप-ई लिहिलेलं असतं: तिच्यातला एक बदललेला ट्रान्सफर आरएनए यूएजीवर (टीएजीचं आरएनएतलं रूप) ग्लुटामिन हे अमिनो आम्ल बसवतो. दर वेळी नाही. कधी तो जिंकतो, कधी रिलीज फॅक्टर आरएफ१ साखळी तिथेच सोडवतो. फाजला तेवढं पुरतं, कारण त्याच्या टोकावर एखादी प्रत आली तरी तो निवडला जातो. बीएल२१ मध्ये हा ट्रान्सफर आरएनए नाही, म्हणून तिथे साखळी शंभराव्या अमिनो आम्लाच्या आसपास संपत होती आणि शेवटाला असलेला हिस टॅग कधी तयारच होत नव्हता.

दुरुस्ती एका अक्षराची निघाली. टीएजीचं सीएजी केलं की तेच ग्लुटामिन प्रत्येक वेळी बसतं. बदललेल्या प्लाझ्मिडमधून २७ वर बँड आला, कॉलमला धरला, आणि शुद्ध प्रथिन अँटिजेनलाही चिकटलं.

त्याच फेरीतले बाकीचे क्लोन लगेच तपासले. आणखी दोघांत टीएजी सापडला. त्यांच्या दुरुस्तीसाठी लागणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) त्याच संध्याकाळी मागवले.