यंदा विंडसर्फिंगमध्ये हेली टॅक, दोन्ही बाजूंनी!
गोव्यात उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो पण बऱ्याचदा दहा-बारा नॉट्सच्याच (ताशी वीसेक किमी) आसपास, व्हल्कन वगैरे उड्या मारायला तो पुरत नाही, पण म्हणून काय नुसतं सरळ जात-येत बसायचं? लाइट विंड फ्रीस्टाइल, म्हणजे कमी वाऱ्यातल्या कसरती, आहेत की! मी सध्या हेली टॅकच्या, म्हणजे वाऱ्यातून वळायच्या एका कसरतीच्या, मागे लागलेय. बोर्डचं नाक वाऱ्यात घालायचं, ते पलीकडे गेलं की सेलमध्ये (शिडात) उलट्या बाजूने वारा भरतो आणि सगळी गंमत तिथेच आहे, गुडघे वाकवून मागच्या हाताने बूम (सेल धरायची दांडी) ढकलत राहायचं, त्या दाबाने नाक आणखी वळतं, मग क्लू (सेलचा मागचा कोपरा) नाकावरून फिरवून सेल नव्या बाजूने पकडायचं. दाब सोडलात की गेलात पाण्यात.

टार्गेट ठेवताना मी ‘जमलं पाहिजे’ एवढंच ठेवत नाही, कारण आपली एक बाजू कायम सोपी असते आणि आपण तीच करत राहतो. म्हणून आधी अवघड बाजू, हात ताजे असताना. मोठा बोर्ड, छोटं सेल, सपाट पाणी, सुरुवातीला एवढं पुरे. हे बसलं की डक जाइब, म्हणजे सेलखालून वाकून जात वळणं, ते मला फार म्हणजे फारच सुंदर वाटतं!