तुम्ही विचारलंत म्हणून: मी पुस्तक का सुचवत नाही

भिशीत, लग्नघरी, अंबाझरी तलावाच्या काठी सकाळी फिरताना, प्रश्न एकच असतो: तुम्ही एवढे वाचता, मग एखाद्या चांगल्या कादंबरीचे नाव विचारले की गप्प का होता? काहींना हा माझा शिष्टपणा वाटतो. एका मैत्रिणीने तर विद्या दिल्याने वाढते हे मला तोंडावर ऐकवले. गेली अनेक वर्षे मी ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून वेळ मारून नेत आले आहे. ते उत्तर खोटे आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून एकदाचे खरे काय ते लिहिते.

मी पूर्वी अशी नव्हते. बँकेत असताना माझ्या टेबलाच्या खणात दोनतीन पुस्तके कायम असत, आणि नुसते पासबुक भरून घ्यायला आलेल्या ओळखीच्या माणसाच्या हातीही मी त्याने न मागता एखादे ठेवीत असे. जी. ए. कुलकर्णींचा ‘काजळमाया’ सुचवताना, त्यांनी साहित्य अकादमीचा पुरस्कार प्रकाशनवर्षाच्या वादावरून परत केल्याची हकीकत मी इतकी रंगवून सांगे की ऐकणाऱ्याला हकीकत पाठ होई आणि संग्रह न उघडता परत येई. आशा बगे आपल्या नागपूरच्या. त्यांच्या ‘भूमी’ला २००६ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा मला मिरवायला निमित्तच झाले. मात्र त्या मला आवडत होत्या त्या पुरस्काराच्या कितीतरी आधीपासून, कारण न बोललेली गोष्ट वर्षानुवर्षे जपून ठेवणारी त्यांच्या कथांतली माणसे मी महाल भागातल्या आमच्या वाड्यात पाहिली होती. विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ‘रणांगण’ मी बहुधा सर्वांत जास्त जणांना दिली असेल. लहानशी आहे, बोटीवरच्या एका प्रवासात घडते, आणि नाझी जर्मनीतून परागंदा झालेली त्यातली ज्यू मुलगी नंतर डोक्यातून जात नाही. ‘बोटीवर बसून नुसते बोलतातच की’ असा अभिप्राय देऊन एका सहकाऱ्याने ती परत केली, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते. पण एवढ्यावरून कोणी सुचवणे सोडत नाही. मी सोडले ते ‘धग’मुळे.

उद्धव शेळके यांची ही कादंबरी १९६० साली आली. कौतिक, शिंपीकाम करणारा तिचा नवरा महादेव, त्याला जडणारा महारोग आणि संसार तगवण्यासाठी तिने उपसलेले कष्ट, एवढेच कथानक. परंतु त्यातले वऱ्हाडी संवाद वाचून मी विशीत असताना अक्षरशः हरखून गेले होते. पुढे आमच्या शाखेत अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेली मुलगी लिपिक म्हणून रुजू झाली. ती शुद्ध आणि किंचित जपून बोलत असे. काउंटरवर एखाद्या म्हातारीने ‘माह्या खात्यात पैसे आले का वं बाई?’ असे विचारले तरी ती उत्तर पुस्तकी भाषेतच देई. एका दुपारी डबा खाताना तिने मला एखादी मराठी कादंबरी मागितली. दुसऱ्याच दिवशी मी माझी ‘धग’ तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “ही वाच, तुझ्याकडचीच आहे.” ते ‘तुझ्याकडचीच’ मी किती उदारपणे म्हटले होते, हे आठवले की अजूनही कान गरम होतात.

तीन आठवडे ती काही बोलली नाही. मी दोनदा विचारले, दोन्ही वेळा “वाचते आहे, मॅडम” एवढेच उत्तर आले. मग ऐन मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत शेजारचे बोलणेही ऐकू येत नव्हते अशा एका दुपारी, तिने वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले पुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि आत चिठ्ठी घालून ठेवलेले एक पान उघडले. त्या पानावर कौतिकच्या तोंडच्या एका वाक्याखाली मी कधीकाळी पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात लिहिले होते, ‘वा! काय भाषा!’ तिने त्या शब्दांवर बोट ठेवले.

“मॅडम, माही माय अशीच बोलते. तुम्हाले यात ‘वा’ काहून वाटलं?”

तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच माझ्याशी वऱ्हाडीत बोलली होती. हे माझ्या लक्षात आले, तरी त्याचे काय करावे ते कळले नाही, म्हणून मी बोलीच्या जिवंतपणाविषयी आणि प्रादेशिक कादंबरीविषयी काहीबाही सांगत बसले. तिने ऐकून घेतले, डबा धुवायला उठली आणि जाता जाता पुन्हा तिच्या जपून वापरायच्या मराठीत म्हणाली, “पुस्तक छान आहे, मॅडम.”

यावर माझे म्हणणे आहेच. लेखकाने ते वाक्य वाचणाऱ्याला भिडावे म्हणून लिहिले, मला ते भिडले, यात माझा गुन्हा कोणता? कौतिकचे दुःख कळायला कौतिकच्याच घरी जन्मावे लागत असेल, तर कादंबऱ्या छापायच्या कशाला? हे मी त्या रात्री स्वतःला ऐकवले आणि मला ते आजही बरोबर वाटते. परंतु आमच्या वाड्यात धुण्याभांड्याला येणाऱ्या बायाही तशाच बोलत, आणि त्यांच्या बोलण्याखाली मी कधी रेघ ओढली नव्हती. उलट तसे बोललो तर आम्हा मुलांना घरात रागावत. शिवाय दुसरी गोष्ट मला फार उशिरा सुचली. तिने माझ्याकडे कादंबरी मागितली होती, वऱ्हाडातली कादंबरी नव्हे. त्याच खणात ‘रणांगण’ पडलेली होती. तिला कदाचित बोट हवी असेल, हे माझ्या मनातही आले नाही.

दसऱ्याला दीक्षाभूमीच्या परिसरात दूरदूरच्या गावांहून आलेली माणसे पुस्तकांच्या पिशव्या भरून नेतात, कोणी सुचवायची वाट पाहत नाहीत. ते पाहिले की सुचवणाऱ्यांचे एवढे अडते कुठे, असे वाटते. अर्थात तिथे कथाकादंबऱ्यांना फारसे गिऱ्हाईक नसते, तेव्हा हा दाखला माझ्या कितपत उपयोगाचा, हे मलाही सांगता येणार नाही.

वर्षभराने त्या मुलीची बदली झाली. निरोपाच्या दिवशी तिने मला विचारले, ‘धग’ बर्डीच्या बाजारात कुठे मिळेल? मी माझी प्रत देऊ केली.

“नको मॅडम,” ती म्हणाली, “कोरी पाहिजे.”

कोणासाठी, ते तिने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.