कडकपणा बरोबर, ग्रेन चुकलेला

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये इन्कोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूच्या फोर्ज केलेल्या (तापवून ठोकून घडवलेल्या) रिंगा आल्या होत्या. ९८० अंश सेल्सिअसवर सोल्युशनिंग (मिसळलेले घटक धातूत विरघळवणं), मग ताकद आणणारं एजिंग: ७१८ अंशांवर ८ तास, भट्टीतच ६२१ पर्यंत उतरवून पुन्हा ८ तास. कडकपणा हवा तसा भरला, रॉकवेल सी मापावर ४२. पाठवणीची तयारीही सुरू झाली. मी मात्र नमुना पॉलिश करून, एच करून (रसायनाने हलका खरवडून) सूक्ष्मदर्शकाखाली धरला, आणि पोटात गोळा आला.

ग्रेन, म्हणजे धातूतला स्फटिकाचा कण, ए.एस.टी.एम. मापात ८ हवा होता, दिसत होता ४; या मापात आकडा लहान तितका ग्रेन मोठा. म्हणजे २२ मायक्रॉनच्या जागी ९०. ग्रेनच्या सीमांवर सुयांसारखा डेल्टा फेज (धातूतच तयार होणारा वेगळा घटक) असतो, तोच सीमांना सरकू देत नाही. तो इथे जवळजवळ नव्हताच. हजार अंशांच्या वर गेलं की तो विरघळायला लागतो, मग ग्रेनला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. दुसरा कॅलिब्रेट केलेला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सोल्युशनिंगच्या भट्टीत सोडला. तिथला जुना ५० अंश कमी दाखवत होता, म्हणजे ९८० दिसताना आत १०३० होते.

कडकपणात हे कळणारच नव्हतं. या धातूला ताकद मुख्यतः एजिंगमध्ये तयार होणाऱ्या गॅमा डबल प्राइमच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येते, आणि ते नेमके तयार झाले होते. पण रिंगांवर वारंवार भार येणार, फटीग (वारंवारच्या भाराने तडा जाणं) टाळायला बारीक ग्रेन लागतो. (क्रीप, म्हणजे उष्णतेत सततच्या भाराखाली हळूहळू ताणलं जाणं, सोसायला उलट मोठा ग्रेन चांगला, म्हणून ड्रॉइंगवर काय लिहिलंय ते आधी वाचावं लागतं.)

आमचे भट्टीवरचे मामा चाळीस वर्षं पोलादात मुरलेले. म्हणाले, "एवढं काय घाबरालास? नॉर्मलाइज करून टाकू की, परत तापवून हवेत गार केलं की झालं."

"मामा, पोलाद तापवताना आतली रचनाच बदलते, म्हणून नवे बारीक ग्रेन जन्मतात. निकेलची रचना वितळेपर्यंत तीच राहते. नुसतं तापवून हे लहान होणार नाहीत, पुन्हा फोर्ज केल्याशिवाय इलाज नाही. आणि या तर मशीनिंगच्या मापाला आलेल्या रिंगा."

मामा काही बोलले नाहीत. आयपीसला डोळा लावून बराच वेळ उभे राहिले.

"मागच्या लॉटचा नमुना हाय काय? तो दाव जरा."

मी दाखवला. बारीक, एकसारखे ग्रेन, कडांवर डेल्टाच्या सुया. त्यांनी दोन्ही नमुने आलटून पालटून चार वेळा पाहिले, मग लाल रंगाचा डबा मागून घेतला आणि एकेका रिंगेवर स्वतः फुली मारत गेले.