मुलाखत झाल्यावर पत्र लिहायचं का?

"मॅडम, मुलाखतीनंतर आभाराचा मेल टाकू का? पुढेपुढे केल्यासारखं तर नाही ना दिसणार?" प्लेसमेंटचा हंगाम सुरू झाला की हा प्रश्न मला हमखास येतो. मुलं विचारतात, कधी त्यांचे आईवडीलही. चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी विभागात असताना मी बऱ्याच मुलाखती घेतल्या. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: जरूर पाठवा. मात्र त्या तासाभरात झालेलं बोलणं त्यात पुढे गेलेलं दिसू दे.

"आपण आपला बहुमोल वेळ दिलात, आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास मी जिवाचं रान करीन" अशा थाटाची पत्रं मी खूप वाचली आहेत. कंपनीचं नाव बदललं की तेच पत्र कुठेही चालतं. हल्ली ती चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली असतात, त्यामुळे इंग्रजी सफाईदार असतं, पण एकाच दिवशी आलेल्या चार मुलांची पत्रं सारखीच वाटतात. त्यातून उमेदवार कोण, हे काही कळत नाही.

लक्षात राहिलेलं एक पत्र सांगते. डिप्लोमा झालेली एक मुलगी क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी आली होती. तिला मी विचारलं, अॅल्युमिनियमच्या डाय कास्टिंगमध्ये, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात भरून केलेल्या भागांमध्ये, छिद्रं का पडतात? तिने साच्यात अडकलेल्या हवेचं कारण सांगितलं आणि तिथेच थांबली. संध्याकाळी तिचा मेल आला. पहिल्या ओळीत आभार, आणि मग लगेच मुद्दा: "छिद्रांबद्दलचं माझं उत्तर अर्धं राहिलं होतं. धातू थिजताना आकसतो, त्यानेही छिद्रं पडतात आणि ती बहुधा जाड भागात सापडतात. वायूची छिद्रं गोल, गुळगुळीत कडांची असतात, आकसण्याची वेडीवाकडी. भाग कापून पाहिला तर फरक ओळखता येतो. इनकमिंग तपासणीचं, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासण्याचं, जे काम आपण समजावलंत ते मला करायला आवडेल." खाली नाव आणि फोन नंबर. संपलं पत्र.

मूळ मेल इंग्रजीत होता, साध्या छोट्या वाक्यांचा. एकदोन ठिकाणी व्याकरण घसरलं होतं, पण त्याने काही बिघडलं नाही. घरी जाऊन तिने प्रश्नाचा पिच्छा पुरवला होता, आणि क्वालिटीच्या कामाला असंच माणूस लागतं. पत्रामुळे ती निवडली गेली असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या फेरीत आम्ही बोलायला सुरुवात केली ती मात्र त्या छिद्रांपासूनच.

सगळ्यांचं उत्तर असं अर्धं राहिलेलं नसतं. मग कामाबद्दल जे नवं कळलं त्यातलं एक काहीतरी उचला: कामाची पाळी (शिफ्ट) कशी असते, कुठलं मशीन आहे, त्यांना कुठली अडचण सतावते आहे आणि तुम्ही प्रोजेक्टमध्ये तसंच काय केलंत. पाच-सहा ओळी पुरेत. पगार विचारू नका. घरची परिस्थितीही लिहू नका. ती वाचून जीव तुटतो, अगदी खरं सांगते, पण त्याला गुण देता येत नाहीत, आणि ज्याने लिहिलं त्याच्याकडे नंतर नुसतं उमेदवार म्हणून पाहणं अवघड होतं.

वेळेचं म्हणाल, तर त्याच संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. मुलाखत संपली की आम्ही शेऱ्यांचा कागद भरतो, एचआर तो गोळा करतं आणि नावं लवकरच ठरतात. आठवड्याने आलेलं पत्र वाचलं जातं, पण कामाला येत नाही. मुलाखत घेणाऱ्यांचा मेल आयडी नसेल तर एचआरच्या ज्या मेलवर बोलावणं आलं त्यालाच उत्तर द्या आणि "कृपया त्यांना पोचवावं" असं लिहा. बहुतेक वेळा पोचवतात. विषयाच्या ओळीत पदाचं नाव, मुलाखतीची तारीख आणि तुमचं नाव. तिघांनी मुलाखत घेतली असेल तर तिघांना एकच मजकूर नको, ते एकमेकांना दाखवतात. कुणाचा खासगी नंबर शोधून व्हॉट्सअॅपवर तर अजिबात नको.

सरकारी भरतीत मात्र हा मार्ग धरू नका. यूपीएससीच्या थेट भरतीच्या जाहिराती असोत की बँकांसाठीच्या आयबीपीएसच्या, कुठल्याही प्रकारे वशिला लावण्याचा प्रयत्न केला तर उमेदवार अपात्र ठरेल, असं त्यात स्पष्ट छापलेलं असतं. तुमचा हेतू कितीही निर्मळ असला तरी मुलाखत मंडळातल्या सदस्याला गाठून पत्र पाठवणं तिथे अंगाशी येऊ शकतं. तिथे खोलीतून निघताना "धन्यवाद" म्हणा, तेवढं पुरे.

आणि नकार आला तरी दोन ओळी लिहा. हे फारसं कुणी करत नाही, म्हणून आग्रहाने सांगते. निवडलेला उमेदवार ऑफर घेऊनही रुजू होत नाही, हे आमच्याकडे नेहमीचं. त्याच्या नोटिस पीरियडमध्ये त्याला दुसरीकडे जास्त पगार मिळतो आणि जागा पुन्हा रिकामी होते. अशा वेळी नव्याने जाहिरात देण्याआधी जुनी यादी बाहेर निघते. "निर्णय कळवल्याबद्दल आभार, याच विभागात पुढे जागा निघाली तर मला जरूर कळवा" एवढं लिहिलेलं असलं, तर पहिला फोन कुणाला करायचा हे एचआरला शोधत बसावं लागत नाही.